सव्वा हिश्श्याचा मान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सत्कार-समारंभात झालेले भाषण)



आज येथे ज्यांचा सत्कार व्हावयाचा आहे, त्यांच्या नावांची यादी थोड्याच वेळात आपणांपुढे वाचली जाईल. त्यापूर्वी एक लहानसे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपविले आहे. या वर्षी सत्कारमूर्तींस नेहमीची चकचकीत ढाल किंवा काचेचे मानचिन्ह न देता सांगानेरच्या ठशांनी छापलेले एक वस्त्र द्यावे, असे ठरले. त्या वस्त्रावर पाच चिन्हे आहेत. त्यांचा अर्थ काय आणि ती का निवडली, हे आपणांस सांगावे, एवढेच ते काम. वक्तृत्वाचा आव आणण्याचे आमचे वय राहिले नाही. तेव्हा जे घडले ते सरळ सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मंडळाचे एक जुने खजिनदार आजारी होते, म्हणून त्यांस भेटावयास आम्ही गेलो होतो. सायकलवर बसून बापूनगर, बनीपार्क, सी-स्कीम अशी घरे पालथी घालून वर्गणी गोळा करणारा हा माणूस. मंडळाच्या हिशेबात एका रुपयाची चूक राहिली, तर त्यांस झोप येत नसे. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेचे कपाट होते, आणि त्यात निरनिराळ्या समारंभांत मिळालेली मानचिन्हे ओळीने मांडलेली होती. त्यांचा सातवीत शिकणारा नातू आमच्यासाठी पाणी घेऊन आला. आमची नजर कपाटाकडे गेलेली पाहून त्याने सहज विचारले, "आजोबा, ये सब आपको किसलिए मिले थे?" आजोबांनी एक मानचिन्ह हातात घेतले, उलटसुलट फिरविले. पितळी पत्र्यावरची अक्षरे पुसट झाली होती. दुसरे घेतले, ते हुबेहूब पहिल्यासारखेच. कोणते कशासाठी मिळाले, हे त्यांनाही सांगता येईना. शेवटी त्यांनी भिंतीवरच्या मानपत्राकडे बोट दाखविले. मुलगा ते घडाघडा वाचू लागला, कारण लिपी देवनागरीच! परंतु 'चिरऋणी', 'अहर्निश', 'पदरमोड' या शब्दांपाशी येऊन तो थांबला आणि आजोबांकडे पाहू लागला. अक्षरे त्याला येत होती. भाषा येत नव्हती.

परतताना आमच्या मनास हेच लागून राहिले. आपण या माणसाचा वारंवार सत्कार केला; परंतु त्याने काय केले, हे त्याच्याच घरात, त्याच्याच नातवाला कळेल, अशी एकही खूण मागे ठेवली नाही. परमुलखात तिसऱ्या पिढीपर्यंत भाषा पातळ होत जाते, हे कटू असले तरी सत्य आहे. अशा वेळी मानपत्राची आलंकारिक वाक्ये कोणी वाचावयाची?

मंडळी, मानाची खूण ही आपल्या परंपरेत मुळात शोभेची वस्तू नव्हतीच. तिला बोलता येत असे. आपण आजही 'विडा उचलणे' म्हणतो. दरबारात तबकात विडा ठेवीत, आणि अवघड कामगिरी पत्करणारा तो उचलीत असे. म्हणजे मान काम झाल्यानंतर मिळत नसे. तो स्वीकारणे हेच काम अंगावर घेणे होते. ज्या राजस्थानात आपण राहतो, तेथील पगडीचे उदाहरण घ्या. घरातील कर्ता पुरुष निवर्तला की बाराव्या दिवशी आप्तेष्टांच्या समक्ष त्याच्या वारसाच्या डोक्यावर पगडी बांधतात. आपल्यापैकी पुष्कळांनी शेजारधर्म म्हणून या विधीस उपस्थिती लावली असेल. ती पगडी शोभेची असते काय? ज्याच्या डोक्यावर ती बांधली जाते, त्याच्या डोळ्यांत त्या क्षणी पाणी असते. कारण घराचा भार डोक्यावर आला, एवढाच तिचा अर्थ असतो.

आणि ज्या खुणेतला अर्थ नाहीसा झाला, ती नाकारणेच उचित, हेही आपल्याच इतिहासाने शिकविले आहे. १६६६ साली आग्र्याच्या दरबारात शिवछत्रपतींस मागच्या रांगेत उभे करण्यात आले, आणि नंतर त्यांच्यापुढे खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणला गेला. महाराजांनी तो घेण्याचे साफ नाकारले. हा प्रसंग आपणांस ज्या पत्रांतून तपशीलवार कळतो, ती पत्रे मिर्झाराजे जयसिंगांचे पुत्र रामसिंग यांच्या पदरच्या माणसांनी आग्र्याहून राजस्थानीत लिहिली, आणि ती जयपूर दरबाराच्या दप्तरात जपली गेली, ही आपण जयपूरकर मराठी माणसांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. पोशाख भरजरीच असणार; परंतु जागा मागची आणि पोशाख मानाचा, ही विसंगती महाराजांनी सहन केली नाही. मान आणि मानाची खूण यांची फारकत झाली की उरते ते केवळ कापड.

तेव्हा प्रश्न असा होता की, पुन्हा बोलू लागेल अशी खूण आणावयाची कोठून? याचे उत्तर आम्हांस फार दूरच्या एका देशाने सुचविले.

आमच्या एका स्नेह्यांची कन्या नोकरीनिमित्त पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, अक्रा येथे होती. परत येताना तिने तेथील एक वस्त्र आणले. घानात अकान नावाचा मोठा समाज आहे. असांते लोक त्यांतलेच, आणि कुमासी ही त्यांची जुनी राजधानी. त्या शहराजवळ न्तोन्सो नावाचे गाव आहे. तेथील कारागीर वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचे तुकडे कोरून ठसे तयार करतात, एका झाडाची साल उकळून दाट काळसर रंग काढतात, लाकडी फणीने कापडावर रेघा ओढून चौकटी पाडतात, आणि त्या चौकटींत ठसे उमटवितात. या चिन्हांस 'आदिंक्रा' म्हणतात. या शब्दाचा अर्थ 'निरोप घेणे' असा लावतात. कारण हे वस्त्र पूर्वी मुख्यतः राजे व प्रतिष्ठित मंडळी दुखवट्याच्या प्रसंगी पांघरीत. आता ते आनंदाच्या आणि सन्मानाच्या प्रसंगीही वापरले जाते. १८१७ साली बौडिच नावाच्या इंग्रज वकिलाने कुमासीहून नेलेले असे एक वस्त्र आजही लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे.

आम्हांस नवल वाटले ते त्या चिन्हांच्या बोलकेपणाचे. मेंढ्याची शिंगे काढली, तर तिचा अर्थ सामर्थ्य, परंतु विनयासह असलेले सामर्थ्य. नेच्याच्या पानाचे चिन्ह चिवटपणाचे. कारण ही वनस्पती खडकाळ जागीही तग धरते. घाना विद्यापीठाने आपल्या बोधचिन्हात ही दोन्ही चिन्हे घेतली आहेत, म्हणजे विद्वानाने कसे असावे हे शब्दाविना सांगितले आहे. साखळीची कडी म्हणजे एकोपा. दोन सुसरींचे पोट एकच, तरी त्या घासासाठी भांडतात. अर्थ असा की, कोणीही खाल्ले तरी जाणार एकाच पोटात, मग भांडण कशाला? मंडळाच्या वार्षिक सभेस हजर राहिलेल्यांना हे चिन्ह समजावून सांगण्याची गरज नसावी! आणि दात व जीभ यांचे एक चिन्ह आहे: जवळ राहतात, कधीमधी चावा बसतो, तरी नांदतात एकत्रच. हे ऐकताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, आपलेच दात, आपलेच ओठ!" समुद्रापलीकडचा समाज, ना भाषेचा संबंध, ना धर्माचा, परंतु चार माणसे एकत्र राहू लागली की त्यांचे शहाणपण किती सारख्या वाटेने चालते, हे पाहून मन भरून येते.

त्या समाजात कोणी मोठे कार्य केले की त्या कार्याला साजेसे चिन्ह निवडून ते वस्त्रावर, आसनावर, सन्मानचिन्हावर घालता येते. पाहणाऱ्यास तो अर्थ ठाऊक असतो, म्हणून सत्कारमूर्तीने काय केले हे त्यास विचारावे लागत नाही.

मग ती चिन्हे उचलून आपल्याही वस्त्रावर छापावीत काय? कार्यकारिणीत अशी सूचना आली होती. आम्ही तिला नम्रपणे विरोध केला. त्यांची चिन्हे त्यांच्या म्हणींतून, त्यांच्या पूर्वजांच्या आठवणींतून उगवली आहेत. आपल्या अंगावर ती शोभेची नक्षी होऊन बसतील, आणि ज्या दोषावर आपण उपाय शोधतो आहोत तोच दोष नव्या वेषात परत येईल. घ्यावयाचीच असेल तर रीत घ्यावी. त्यांचे एक चिन्ह हेच सांगते. 'संकोफा' या चिन्हात एक पक्षी मान मागे वळवून उभा असतो. अर्थ असा की, विसरलेली वस्तू परत फिरून आणण्यात कमीपणा नाही. आम्हीही तेच करावयाचे ठरविले. आपल्याच घरात मागे वळून पाहावयाचे.

वस्त्र छापण्यासाठी दूर जाण्याचे कारणच नव्हते. ठशांच्या छपाईसाठी जगभर नाव असलेली सांगानेर आणि बगरू ही दोन गावे आपल्या उंबरठ्यावर आहेत. बगरूचे छिपे लोखंडाचे मोडके तुकडे आणि गूळ पाण्यात आंबवून काळा रंग तयार करतात. सांगानेरची ख्याती पांढऱ्या भूमीवरील नाजूक बुट्ट्यांची. तिकडे भोपळ्याची कवटी, इकडे शिसवी लाकूड. एरवी ठसा उमटविणाऱ्या हाताचा ठोका एकच.

चिन्हे मात्र आपली. त्यांतील पहिले आहे विडा. त्याचा अर्थ वर सांगितलाच. मंडळाला स्वतःची जागा नव्हती, तेव्हा ती मिळविण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, दारोदार फिरून निधी जमविला, त्यांच्यासाठी हे चिन्ह.

दुसरे समई. रविवारी सकाळी मुलांना मराठी शिकविण्याचा वर्ग ज्यांनी वर्षानुवर्षे चालविला, कधी पंधरा मुले, कधी दोनच, तरी दार बंद केले नाही, त्यांच्यासाठी. समईला मोठा उजेड नसतो. परंतु ती विझू न देणारा कोणी तरी घरात जागा असतो.

तिसरे तुळशीवृंदावन. नोकरीसाठी नव्याने आलेल्या, शहरात कोणी ओळखीचे नसलेल्या मराठी तरुणांना ज्या घरांनी पहिले जेवण आणि पहिली रात्र दिली, त्या घरांसाठी. अंगण नसलेल्या सदनिकेतही कुंडीतली तुळस असते. आपलेपणाला जागा किती लागते, हे तिने दाखविले आहे.

चौथे चिन्ह गोपद्म. याची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. ठसे कोरणाऱ्या कारागिराने प्रत्येक चिन्हाची आकृती कागदावर मागितली. विडा, समई, वृंदावन आम्ही कशीबशी काढली. गोपद्माशी येऊन सर्व पुरुषमंडळी अडली. चातुर्मासात देवापुढे तेहतीस गोपद्मे काढतात, हे आम्हां सर्वांस ठाऊक. लहानपणी आई-आजीला काढताना पाहिलेलेही. परंतु हातात पेन्सिल घेतल्यावर एकासही ते पाऊल जमेना. शेवटी मंडळातील एका ज्येष्ठ आजींकडे गेलो. त्यांनी कागद बाजूस सारला, रांगोळीची वाटी मागविली, आणि फरशीवर बसून चिमटीतून ते पाऊल काढले. एकदाही बोट थांबले नाही. काढून झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, "मंडळाच्या पहिल्या गणपतीला मखरापुढे हीच काढली होती. मग आत जाऊन पुरणाला बसले."

बंधुभगिनींनो, घरी येऊन आम्ही मंडळाच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढली. तीत सत्कारमूर्तींची नावे आहेत. त्या यादीत एकाही स्त्रीचे नाव नाही. पंचवीस वर्षे गणेशोत्सवाचा महाप्रसाद ज्या हातांनी रांधला, हळदीकुंकवाच्या निमित्ताने ज्यांनी घरोघरी जाऊन माणसे जोडली, कोणाच्या घरी बाळंतपण, कोणाच्या घरी दुखणे, तेथे डबा घेऊन ज्या न सांगता पोहोचल्या, त्यांतील एकीचेही नाव नाही. ती यादी तयार करणाऱ्यांत आम्हीही होतो. त्या वेळी कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. आमच्या ध्यानातच आले नाही, आणि ध्यानात न येणे हाच अपराध. ज्या पावलांचा ठसा उमटतो परंतु आवाज होत नाही, त्या पावलांचे चिन्ह म्हणून गोपद्म. आजचे पहिले वस्त्र त्या आजींस दिले जाईल, आणि यादी पंचवीस वर्षांपूर्वी जेथे अपुरी राहिली, तेथून पुढे वाचली जाईल.

आता पाचवे, मधले चिन्ह. ते जयपूरनेच आपणांस दिले आहे. या शहरात 'सवाई' हा शब्द आपण रोज ऐकतो. १७२७ साली हे नगर वसविणाऱ्या जयसिंगास औरंगजेबाने 'सवाई' म्हटले, म्हणजे सामान्य माणसाहून सव्वापट, असे सांगतात. आणि म्हणूनच येथील राजप्रासादावर एका पूर्ण ध्वजाच्या वर पाव आकाराचा दुसरा ध्वज लावण्याची प्रथा पडली. परंतु हा शब्द आपणांस परका आहे काय? आपल्या इतिहासात सवाई माधवराव आहेत, संगीतात सवाई गंधर्व आहेत. आपल्यातील वडीलधाऱ्यांनी शाळेत पावकी, निमकी, सवायकी घोकली आहे. पूजेत दक्षिणा ठेवावयाची ती सव्वा रुपया; पुरता रुपया ठेवून आपण थांबत नाही. पूर्ण झाल्यावरही काही वाढले पाहिजे, अशी त्यामागची भावना.

याच राजाच्या पदरी सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय विद्वान होते. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष त्यांनी अरबीतून संस्कृतात आणले. संस्कृतात पारंगत असलेल्या पंडिताने अरबी शिकण्याचे काय अडले होते? परंतु तो त्यांचा सव्वा. पुढे याच जयपूर संस्थानातल्या उणियाऱ्यात जन्मलेले अल्लादिया खाँ कोल्हापूरला गेले, आणि त्यांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या कंठातून महाराष्ट्रभर पसरली. त्या घराण्याच्या नावात जयपूर आजही आहे. तेव्हा या दोन मुलखांचे देणेघेणे आपल्या मंडळाहून कितीतरी जुने आहे.

आमच्या मते आपल्या पन्नास वर्षांचे सारे सार या पाव ध्वजात आहे. आपण येथे आलो ते पोटासाठी. कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात, कोणी महाविद्यालयात. नोकरी नेकीने केली, मुले शिकविली, घरे बांधली. तो आपला पूर्ण ध्वज, आणि त्याबद्दल मंडळाने कोणाचा सत्कार करावा असे नाही. तो ज्याचा त्याचा संसार होय. परंतु दिवसभराचे काम संपल्यावर, दमल्या अंगाने, ज्यांनी दुसऱ्यासाठी सतरंजी उचलली, पावती फाडली, परात घासली, मुलांकडून बाराखडी गिरवून घेतली, तो वरचा पाव हिस्सा म्हणजे आपले मंडळ. पन्नास वर्षे ही संस्था उभी आहे ती असंख्य लोकांच्या पाव-पाव हिश्श्यांवर. आज आपण मान देतो आहोत तो त्या पाव हिश्श्याला.

सत्कारमूर्तींना एक विनंती आहे. हे वस्त्र कपाटात घडी घालून ठेवू नका. सणावारी काढा, पांघरा, मळले तर धुवा. आणि घरातील मुलांनी "यह क्या बना है?" असे विचारले, तर त्यांच्या भाषेत, हिंदीत सांगावे लागले तरी चालेल, परंतु सांगा. विडा म्हणजे काय, गोपद्म कोणाचे पाऊल, वरचा लहान ध्वज कशासाठी. सांगता सांगता दोन मराठी शब्द आपोआप त्यांच्या कानांवर पडतील. खूण सांगितल्याशिवाय बोलत नाही; सांगणारे घरात असेपर्यंतच ती जिवंत असते.

आमचे ते खजिनदार मित्र आता आपणांत नाहीत. त्यांचे वस्त्र स्वीकारण्यासाठी त्यांचा नातू आज येथे आला आहे. त्यावर मध्यभागी सवाई ध्वज आहे, आणि चारही कडांना विड्यांची ओळ. बाळ, तुझ्या आजोबांनी काय केले, असे आता कोणी तुला विचारले, तर तुला मानपत्र वाचावे लागणार नाही. आणि विडा उचलण्याचा अर्थ काय, हे तू आत्ताच ऐकले आहेस.